आगगाडीचा आवाज कोणीं जपावा?

ज्ञानेंद्रियें पांच आहेत असें आपण लहानपणापासून शिकतों. परंतु संग्रह करण्याची वेळ आली म्हणजे त्यांपैकीं डोळ्यांचाच मान तेवढा राखतों. स्नेहसंमेलन झालें कीं छायाचित्र, ढाल मिळाली कीं छायाचित्र, सहल गेली कीं शंभर छायाचित्रें! परंतु शाळेची घंटा, मधल्या सुट्टींत मैदानावर उठणारा कल्लोळ, पावसाळ्यांत वर्गाच्या पत्र्यावर वाजणारी सर, यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. डोळ्यांनीं पाहिलेलें जपावें आणि कानांनीं ऐकलेलें वाऱ्यावर सोडावें, हा पक्षपात योग्य आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं मीं येथें वाफेच्या इंजिनाच्या आवाजाचें उदाहरण घेतलें आहे. कारण हा आवाज एका पिढीच्या अवधींत जगांतून जवळजवळ नाहींसा झाला, आणि कांहीं थोड्या लोकांनीं रुळांच्या काठीं रात्री जागवून तो वेळेवर टिपून ठेविला. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे: कोणताही आवाज जपावयाचा तर तो रोजचा असतांनाच जपला पाहिजे. दुर्मिळ झाल्यावर जपूं असें म्हणणाऱ्याच्या हातीं बहुधा कांहींच लागत नाहीं.

आपल्या भाषेनें मात्र हें काम आपल्या परीनें केलें आहे. ‘आगगाडी’ या शब्दांत आग आहे. विजेवर धांवणाऱ्या गाडींत ती नाहीं, तरी शब्द तोच राहिला. मुंबईच्या लोकलमध्यें आईच्या मांडीवर बसलेलें मूल अजूनही गाडीस ‘झुकझुक’ म्हणतें. ती गाडी झुकझुक करीत नाहीं, आणि त्या मुलाच्या आईनेंही तो मूळचा आवाज कदाचित् कधीं ऐकलेला नसेल. तरी शब्द तोंडोतोंडीं चालत आला आहे. परंतु शब्द म्हणजे आवाजाची सांवली होय. सांवलीवरून माणूस उभा आहे एवढें कळतें; त्याचा चेहरा कळत नाहीं.

मग तो चेहरा होता तरी कसा? बॉयलरमधील वाफ सिलिंडरांत शिरून दट्ट्यास ढकली, आणि काम संपलें म्हणजे धुराड्याच्या तळाशीं असलेल्या नळींतून जोरानें वर फेंकली जाई. तिच्या झोताबरोबर भट्टींतील धूर ओढला जाई व निखाऱ्यांवर नवी हवा येई. म्हणजे इंजिनास कष्ट जितके अधिक, तितका त्याचा श्वास जोराचा. आणि श्वास जितका जोराचा, तितकी त्याची भट्टी अधिक पेटलेली. दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनांत दट्ट्यावर दोन्ही बाजूंनीं आळीपाळीनें वाफ येत असल्यामुळें चाकाच्या एका फेऱ्यांत असे चार हुंकार निघत. तीन सिलिंडरांच्या इंजिनांत बहुधा सहा.

गणिताच्या विद्यार्थ्यांनीं येथें पाटी-पेन्सिल घ्यावी. सन १९४७ पासून आपल्या देशांत आलेल्या डब्ल्यूपी जातीच्या प्रवासी इंजिनाचीं मोठीं चाकें पांच फूट सात इंच व्यासाचीं होतीं. म्हणजे त्यांचा परीघ सुमारें ५.३५ मीटर. गाडी ताशीं १० किलोमीटर वेगानें फलाट सोडीत असतां चाकाचे मिनिटास सुमारें ३१ फेरे होत, आणि हुंकार निघत १२४. म्हणजे सेकंदास दोन. तीच गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगास पोंचली कीं सेकंदास बारांहून अधिक हुंकार निघत. मग ते निरनिराळे मोजतां येत नसत. त्यांची एकच घरघर होई. ‘झुकझुक’ हा शब्द म्हणजे सुटणाऱ्या गाडीचें वर्णन आहे. भरधांव गाडीचें तें नव्हे, हें या हिशेबावरून ध्यानांत येईल.

जाणता मनुष्य या आवाजावरून पुष्कळ गोष्टी ओळखी. हुंकार एकाएकीं घाईचे होऊन पुन्हां मंदावले, तर चाकें ओल्या रुळांवर घसरलीं. चारांपैकीं एक हुंकार दुबळा निघाला, तर वाफ सोडणाऱ्या झडपांची जुळणी बिघडली. वरून सूं-सूं करून वाफ सुटूं लागली, तर बॉयलरांत दाब भरपूर झाला. आवाज खोल व सावकाश झाला, तर चढण लागली. डॉक्टर जसा छातीस नळी लावून रोग ओळखतो, तसे कारखान्यांतील कारागीर व इंजिनावरील ड्रायव्हर कान देऊन इंजिनाची प्रकृति ओळखीत. अशा आवाजास ‘गोंगाट’ म्हणणें हा अन्याय आहे.

हा अन्याय दूर करणाऱ्यांमध्यें पीटर हॅंडफर्ड या इंग्रज गृहस्थाचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांचा जन्म सन १९१९ चा व मृत्यु सन २००७ चा. चित्रपटांसाठीं ध्वनिमुद्रण करणें हा त्यांचा पोटाचा व्यवसाय होता, आणि त्यांत त्यांनीं एवढें प्रावीण्य मिळविलें कीं ‘आउट ऑफ आफ्रिका’ या सन १९८५ च्या चित्रपटाच्या ध्वनीसाठीं त्यांस सहकाऱ्यांसह ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु आगगाडीच्या प्रेमिकांत त्यांची कीर्ति वेगळ्याच कारणासाठीं आहे. सन १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं जड यंत्रें वाहून नेऊन इंग्लंड-स्कॉटलंडमधील लोहमार्गांच्या काठीं वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपण्यास आरंभ केला, आणि ‘ट्रान्साकॉर्ड’ या नांवानें त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. इंग्लंडच्या वायव्येकडील शॅप नांवाच्या चढणीवर जड गाडीस मागून दुसरें इंजिन रेटा देई. अशा दोन इंजिनांचे हुंकार कधीं एकमेकांत मिसळत, कधीं एकमेकांस चुकवीत. त्या चढणीच्या नांवानें त्यांची एक संबंध ध्वनिमुद्रिकाच आहे. रात्रीच्या गाड्यांची आणखी एक आहे. कारण रात्रीं जग निजलेलें असतें आणि दूरवरची गाडीही कानांस स्पष्ट येते.

हॅंडफर्ड यांच्या कामाची खुबी त्यांच्या यंत्रापेक्षां त्यांच्या धीरांत अधिक आहे. ते केवळ इंजिनाचा दणदणाट घेऊन थांबत नसत. गाडी येण्यापूर्वींची शांतता, झाडांवरचे पक्षी, सिग्नलच्या खोलींतील घंटेचे ठोके, मग दुरून येणारी चाहूल, समोरून जाणारी गाडी, आणि ती डोंगराआड गेल्यावर हळूहळू विरत जाणारा आवाज, असें सर्व ते जसेंच्या तसें येऊं देत. ऐकणाऱ्यास त्यामुळें इंजिनाबरोबर तें ठिकाणही मिळतें. एका गाडीसाठीं तासन् तास थांबावें, आणि ती यावी त्याच क्षणीं वारा सुटावा किंवा शेजारच्या रस्त्यानें मोटार जावी, हा या छंदाचा नित्याचा अनुभव. मग पुन्हां दुसऱ्या गाडीची वाट पाहणें आलेंच.

ब्रिटिश रेल्वेनें आधुनिकीकरणाची योजना सन १९५५ मध्यें जाहीर केली, आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजीं तेथील मुख्य मार्गांवरील वाफेच्या युगाची निरोपाची गाडी धांवली. म्हणजे सूचना मिळाल्यापासून तेरा वर्षें हातीं होतीं. त्या दिवशीं निरोपास शेंकडों लोक जमले. परंतु जो संग्रह आज मोलाचा ठरला आहे, तो निरोपाच्या दिवशींचा नव्हे. कोणी पाहावयास येत नसे अशा साध्या मालगाड्यांचा व आडबाजूच्या स्टेशनांचा तो संग्रह आहे.

अमेरिकेंतही असेंच घडलें. विन्स्टन लिंक नांवाच्या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकारानें सन १९५५ पासून पांच वर्षें व्हर्जिनियाकडील नॉरफोक ॲंड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या गाड्या टिपल्या. आणि केवळ चित्रांवर समाधान न मानतां आवाजही टिपले. सन १९५७ च्या नाताळाच्या आदल्या रात्रीं रुरल रिट्रीट या लहानशा गांवीं त्यानें घेतलेलें ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यांत एकीकडे गांवच्या देवळांतील घंटांवर भक्तिगीतांचे सूर वाजत आहेत, आणि त्यांतच रात्रीची गाडी स्टेशनांत येऊन पुन्हां मार्गस्थ होते. घंटा त्या वेळीं वाजाव्या ही व्यवस्था लिंकनेंच केली होती. हॅंडफर्ड वाट पाहणारे, तर लिंक योजना करणारा. माझा स्वतःचा कल वाट पाहणाऱ्याकडे आहे. तथापि योजना केली ती सांगून केली, तर तींत लबाडी नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास एकवीस मैलांवर पहिली गाडी गेली. ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ अशीं तीन इंजिनें तिला जोडलीं होतीं, आणि चारशें पाहुणे आंत बसले होते. त्या दिवसाचा आवाज आपणांस मिळणें शक्यच नव्हतें. कारण एडिसनचा फोनोग्राफ निघाला तो सन १८७७ मध्यें. सन १८६३ मध्यें बोरघाट खुला झाला, आणि पुढें अनेक दशकें त्या खड्या चढणीवर इंजिनांचे हुंकार घुमले. सन १९३० च्या सुमारास तेथें वीज आली, तेव्हां ध्वनिमुद्रणाचीं यंत्रें इतकीं अवजड होतीं कीं दरींत उतरून तो आवाज घेण्याचें कोणास सुचलें नसल्यास नवल नाहीं. येथवर आपल्या पूर्वजांस दोष देतां येत नाहीं.

परंतु त्यापुढील काळाचें काय? चित्तरंजनच्या कारखान्यानें आपलें शेवटचें वाफेचें इंजिन सन १९७२ मध्यें बांधलें. त्याच वेळीं या इंजिनांचा शेवट ठरून गेला होता. ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची नित्याची गाडी पंजाबांत जालंधर-फिरोजपूर मार्गावर सन १९९५ च्या डिसेंबरांत धांवली. आपल्या विदर्भांत मूर्तिजापूरहून यवतमाळकडे व अचलपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीस, जिला लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत, मॅंचेस्टर येथें सन १९२१ मध्यें बांधलेलें वाफेचें इंजिन होतें. तें सन १९९४ पर्यंत राबलें आणि मग डिझेलचें आलें. म्हणजे आपणांस तेरा नव्हे, वीस वर्षांहून अधिक अवधि मिळाला होता. त्या अवधींत कॅसेटचा टेप रेकॉर्डर आपल्या मध्यमवर्गीय घरांत येऊन पोंचला होता. त्यावर आपण लग्नांतील मंगलाष्टकें भरलीं, कीर्तनें भरलीं, चित्रपटांतील गाणीं भरलीं. परंतु घरामागून रोज दोनदां जाणाऱ्या गाडीकडे तें यंत्र वळवावें असें आपल्यांतील कितीजणांस वाटलें? परदेशांतील हौशी लोक मात्र त्याच काळांत खर्च करून आपल्या देशांत येत आणि आपल्याच रुळांच्या काठीं यंत्रें मांडून उभे राहत. यंत्र आपल्यापाशींही होतें. उणीव होती ती कानांची. जें रोज ऐकूं येतें तें उद्यांही ऐकूं येणारच, असें आपण धरून चाललों.

येथें पालकवर्गाकडून दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, परीक्षेच्या दिवसांत मुलांनीं आगगाडीचे आवाज गोळा करीत बसावें हा कालापव्यय नव्हे काय? यास माझें उत्तर आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतच आहे. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच सुरांत व दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या सुरांत कां ऐकूं येते, याचें तत्त्व डॉप्लर या शास्त्रज्ञानें सन १८४२ मध्यें मांडलें. त्याची ध्वनीच्या बाबतींत परीक्षा झाली ती कोठल्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर रुळांच्या काठीं! सन १८४५ मध्यें हॉलंडांत युट्रेख्ट शहराजवळ बॉइस बॅलट या शास्त्रज्ञानें कांहीं वादक गाडीवर बसविले व सुरांचे जाणते दुसरे वादक मार्गालगत उभे केले. गाडीवरचे एकच सूर धरून वाजवीत गेले, आणि खालच्यांनीं तो सूर येतांना केवढा चढला व जातांना केवढा उतरला हें केवळ कानानें ठरविलें. ज्या विद्यार्थ्यानें रुळांजवळ एक वेळ कान देऊन शिट्टी ऐकली आहे, त्यास तो धडा घोकावा लागत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाफेच्या इंजिनाचें एवढें कौतुक कशाला? त्याच्या धुरानें कपडे काळे होत, कोळशाचे कण डोळ्यांत जात, आणि फायरमन बिचारा भट्टीपुढें भाजून निघे. हें सर्व खरें आहे. गेलेल्या काळास सोन्याचा मुलामा देणें मलाही मान्य नाहीं. वीज आली हें चांगलेंच झालें. परंतु आवाज जपणें म्हणजे तें इंजिन परत मागणें नव्हे. उलट, चित्रांत चकचकीत इंजिन दिसतें आणि त्यामागचा घाम दिसत नाहीं. लोहमार्गाच्या काठीं घेतलेल्या आवाजांत मात्र चढणीवरचा एकेक हुंकार ऐकतांना त्यासाठीं भट्टींत पडलेलें एकेक फावडें आठवल्याशिवाय राहत नाहीं. श्रमाची साक्ष चित्रापेक्षां ध्वनि अधिक प्रामाणिकपणें देतो, म्हणूनही तो जपावा. जपानच्या सरकारच्या पर्यावरण विभागानें सन १९९६ मध्यें आपल्या देशांतील जपण्याजोगे शंभर ध्वनि निवडले. त्यांत देवळांच्या घंटा, समुद्राच्या लाटा व पक्ष्यांचे आवाज यांच्या पंक्तीस यामागुची मार्गावरील वाफेच्या इंजिनास बसविलें. यंत्राचा आवाजही एखाद्या राष्ट्राचें धन असूं शकतो, हें त्यांनीं मान्य केलें.

तर मग आतां आपण काय करावें? वाफ गेली ती गेली; परंतु तिच्यामागून दुसरे आवाज त्याच वाटेस लागले आहेत. पूर्वी रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चाकांचा ‘खटक्-खटक्’ आवाज होई, आणि घड्याळ हातीं धरून तो मोजणारा मुलगा गाडीचा वेग सांगे. आतां लांबच लांब रूळ जोडून टाकल्यामुळें मोठ्या मार्गांवरून तो आवाज विरळ झाला आहे. ब्रॉडगेजच्या बहुतेक सर्व मार्गांवर वीज पोंचल्यामुळें जुन्या डिझेल इंजिनांची धडधडही दिवसेंदिवस कमी ऐकूं येते. ती धडधड तुम्हांस आज कर्कश वाटते. तुमच्या नातवंडांस तिचें नवल वाटेल. फाटक बंद होतांनाची घंटा, फलाटावरील चहावाल्याची हाळी, स्टेशनांतील सूचना, हे सर्व आवाज आज फुकट मिळत आहेत. हॅंडफर्ड यांनीं जें काम जड यंत्रें वाहून केलें, तें करण्याचें साधन आज घरोघरीं वडीलमंडळींच्या खिशांतील मोबाईलमध्यें आहे.

हें काम करतांना चार नियम पाळावे. पहिला नियम सुरक्षिततेचा, व तो मोडणाऱ्यानें या छंदाचें नांव काढूं नये. रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दींत विनापरवाना शिरणें हा सन १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो मूर्खपणा होताच. कुंपणाबाहेरचा रस्ता, जवळचें शेत, घराची गच्ची, येथूनच आवाज अधिक चांगला येतो. कारण तेथें येणारी व जाणारी गाडी सबंध ऐकूं येते. बरोबर वडील मनुष्य असावा. दुसरा नियम, बोलूं नये. ध्वनिमुद्रण चालू असतां स्वतः मौन धरणें हें पुष्कळांस परीक्षेहून कठीण जातें. तिसरा नियम, लगेच टिपण करावें: तारीख, वेळ, ठिकाण, हवा, गाडी कोठून कोठें जाणारी, इंजिनाचा क्रमांक. नांवगांव नसलेला आवाज पुढें कोणाच्याच कामास येत नाहीं. चौथा नियम, खरेपणाचा. दोन आवाज जोडून एक केला असेल, तर तसें लिहावें.

आणखी एक काम याहूनही निकडीचें आहे. मनमाड, भुसावळ, दौंड, इगतपुरी अशा रेल्वेच्या गांवांत ज्यांनीं वाफेच्या इंजिनांवर स्वतः कोळसा घातला, अशीं माणसें अद्याप आहेत. सन १९८० मध्यें पंचविशींत असलेला फायरमन आज सत्तरीस पोंचला आहे. इंजिनाचा कोणता आवाज कशामुळें होई, शिट्टीच्या कोणत्या खुणेचा अर्थ काय, चढणीवर ड्रायव्हर कशाकडे कान देई, हें त्यांस ठाऊक आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका उद्यांही ऐकतां येतील. परंतु त्यांतील आवाजांचा अर्थ सांगणारीं हीं माणसें उद्यां भेटतीलच असें नाहीं. तुमच्या घरीं किंवा शेजारीं असे कोणी आजोबा असतील, तर या सुट्टींत त्यांच्यापाशीं बसा. त्यांस एखादें जुनें ध्वनिमुद्रण ऐकवा, आणि ते जें बोलतील तें त्यांच्याच आवाजांत भरून घ्या.

शाळेच्या चालकांस माझी विनंति आहे कीं, ग्रंथालयांत जसा जुन्या वार्षिक अंकांचा व छायाचित्रांचा खण आहे, तसा आवाजांचाही एक खण असावा, आणि दरवर्षीं विद्यार्थ्यांनीं आणलेल्या उत्तम ध्वनिमुद्रणांस त्यांत टिपणासह जागा मिळावी. पालकांस विनंति एवढीच कीं, मुलानें गच्चीवर मोबाईल ठेवून दहा मिनिटें गप्प उभें राहण्याची परवानगी मागितली, तर ती द्यावी. दहा मिनिटें गप्प राहून लक्षपूर्वक ऐकण्यास शिकलेला मुलगा वर्गांतही वायां जात नाहीं, हा शिक्षक या नात्यानें माझा अनुभव आहे.